जानेवारीची थोरली, डिसेंबरचा धाकटा

प्रश्न तसा शाळाप्रवेशाचा होता, दवाखान्याचा नव्हता. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं, दरसाल ऊसतोडीला जाणारं एक कुटुंब. मुलगी ९ जानेवारी २०१९ची, मुलगा २१ डिसेंबर २०१९चा. दोघांत साडेअकरा महिन्यांचं अंतर आणि साल एकच. आपल्याकडे पहिलीत बसायला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे मुलगी जून २०२४ला नऊ दिवसांनी हुकली आणि जून २०२५ला दोघंही एकदमच पात्र ठरली. शाळेत आधी वाटलं, जुळी असतील आणि एकाची तारीख लिहिताना घोळ झाला असेल. दाखले मागवले तर एक बीड जिल्ह्यातला निघाला, दुसरा सांगली जिल्ह्यातला. सांगलीच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरीच. पण तारखा दोन्ही खऱ्या.

घरच्यांचं म्हणणं असं की यंदा पोराला शाळेत घालू, पोरगी एक वर्ष अंगणवाडीतच राहू द्या. का, तर ती बारकी आहे, शाळेतली पोरं तिला ढकलून देतील. अंगणवाडी सेविकेला हे पटेना. "थोरली घरी आन् धाकटा साळंत, असं कुठं असतंय का मॅडम?" असं म्हणत तिने दोघांनाही आमच्यापुढे उभं केलं.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात डॉक्टर आहे. अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा, असं आमचं वेळापत्रक. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची उणीव आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी शोधायच्या आणि गरज पडली तर मूल पुढे पाठवायचं, हे काम. कुणाला शाळेत घालावं हा त्यातला विषय नाही. पण या दोघांना शेजारी उभं केल्यावर प्रवेशाचा आणि तब्येतीचा प्रश्न एकच आहे हे लगेच दिसत होतं. (कुटुंबाची ओळख लागू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. नावं कुणाचीच देत नाही.)

मोजमाप एप्रिल २०२५चं. थोरलीची उंची १०४.२ सेंमी, वजन १४.८ किलो. धाकट्याची उंची १०७.६, वजन १६.९. सव्वासहा वर्षांच्या मुलीची उंची साधारण ११६-११७ असते, आणि १०६च्या खाली गेली तर वाढ खुंटली असं धरतात. ती त्या रेषेच्या खाली. धाकटा त्याच्या वयाच्या मधल्या रेषेपेक्षा थोडा कमी, पण ठीकठाक. रक्त तपासलं तर तिचं हिमोग्लोबिन ९.२, त्याचं ११.१. या वयात ते ११.५च्या वर हवं. म्हणजे रक्त दोघांचंही कमी होतं, पण तिचं बरंच कमी.

वयाच्या उलट्या, उंचीच्या क्रमाने घरातली सगळी नाती बसलेली. घरात सगळे मुलाला "दादा" म्हणतात, तसं तीही त्याला दादाच म्हणते. तो तिला नावाने हाक मारतो, "ए" लावून. नाव विचारलं तर तिचं नाव तो सांगतो. रंग विचारले तर उत्तर तो देतो. सेविकेने त्याला बाहेर खेळायला पाठवलं तेव्हा थोरलीने खडे मांडून वीसपर्यंत मोजले, चौकोन काढला, आणि कावळा-चिमणीची गोष्ट शेवटापर्यंत सांगितली, तीही बऱ्यापैकी ठसक्यात. बुद्धीच्या वाढीत काही मागे नव्हतं. तिला बोलायला जागा मिळत नव्हती, इतकंच.

कार्डावरची रेघ

थोरलीचं माता-बाल संरक्षण कार्ड आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. दुमडून दुमडून घडीवर फाटलेलं, पण वजनाचा तक्ता वाचता येत होता. जन्माला २.७ किलो. तिसऱ्या महिन्यात ५.४. सहाव्यात ६.६. इथपर्यंत रेघ हिरव्या पट्ट्यातून नीट वर चढते. नवव्या महिन्यात ६.७. तीन महिन्यांत शंभर ग्रॅम. पुढे नऊ महिने तक्ता कोरा. मग दीड वर्षाची असताना, जुलै २०२०मध्ये, एकच टिंब: ७.४ किलो. पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात, नारिंगीच्या अगदी काठावर.

मूल का खुंटलं याचं उत्तर बहुतेक वेळा "खातच नाही" इथे संपतं. इथे तक्ताच सांगत होता की जे बिघडलं ते सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या मधे बिघडलं आणि पुढे कुणी पाहिलं नाही. म्हणून आईला विचारलं ते जेवणाबद्दल नाही. विचारलं की अंगावरचं दूध कधी तुटलं.

पोळ्याच्या आसपास, ती म्हणाली. थोरली साडेसात महिन्यांची होती. दोन-तीन दिवस पोटात काहीतरी हललं म्हणून सासूबरोबर दवाखान्यात गेली. तिथे सोनोग्राफीत वीस आठवडे निघाले. तोवर तिला पत्ताच नव्हता, कारण पाळी आलीच नव्हती. गर्भपाताची कायद्यातली मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांचीच होती, त्यामुळे तो विषयही तिथेच संपला. घरी आल्यावर सासूने पहिली गोष्ट सांगितली ती दूध तोडायची. पोटुशीचं दूध लेकराला बाधतं. त्याच संध्याकाळी कडुलिंबाचा पाला वाटून लावला. "तीन रात्री रडली, मग गप पडली," आई म्हणाली.

हे बाधणं वगैरे खरं नाही. दुसऱ्या गर्भारपणात दूध कमी होतं, चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर त्याची चव आणि रंग बदलतो, काही मुलं आपणहून सोडतात. पण ते दूध विषारी होत नाही. आधी वेळेपूर्वी बाळंतपण झालेलं असेल, अंगावरून जात असेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात. एरवी आई पोटभर जेवत असेल तर दोन्ही चालू राहू शकतं. दूध बंदच करायचं असेल तर ते हळूहळू, आणि त्या जागी काय देणार हे आधी ठरवून. इथे एका संध्याकाळी बंद झालं. बदल्यात आलं पाणी घातलेलं म्हशीचं दूध, चहात बुडवलेली बिस्किटं आणि वरणाचं वरवरचं पाणी. साडेसात महिन्यांच्या मुलाला घट्ट वरणभात, त्यावर तेल-तूप, कुस्करलेलं अंडं किंवा शेंगदाण्याचं कूट असं दिवसातून दोन-तीनदा तरी लागतं, शिवाय अंगावरचं दूध. पाण्यासारखं पातळ खाणं पोट भरतं, वजन वाढवत नाही.

यात नवं काही नाही. १९३३ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी हेच लिहून ठेवलं होतं. पुढचं बाळ आलं की आधीचं अंगावरून तुटतं, मक्याच्या पेजेवर राहतं आणि अंगावर सूज येऊन दगावतं. आमच्या थोरलीला सूज आली नाही. ती नुसती वाढायची थांबली, आणि नुसतं न वाढणाऱ्या मुलाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दिवस राहिले कसे

आजीचा यावर ठाम मुद्दा होता. "लेकरू अंगावर पीत असल्यावर दिवस ऱ्हात न्हाईत. आमच्यात कुणालाच राहिले न्हाईत." सुनेच्या बाबतीत मग कसे राहिले, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि सुनेवर थोडा रागही होता.

आजीचं म्हणणं तिच्या काळापुरतं खोटं नव्हतं. बाळ अंगावर ओढतं तेव्हा आईच्या शरीरात जे बदल होतात त्यांनी बीज तयार होणं लांबतं. १९८८ साली इटलीत बेलाजिओला जगभरच्या तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे याचा नेमका हिशेब मांडला गेला: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज जवळजवळ काहीच दिलं जात नाही. तिन्ही अटी एकदम पाळल्या तर शंभरातल्या ९८ बायकांना दिवस राहत नाहीत. एक अट मोडली की भरवसा गेला. रात्रीचं पाजणंही यात महत्त्वाचं.

इथे तिसरी अट अडीच महिन्यांतच मोडली होती. माहेरी घुटी सुरू झाली, मग "दूध पुरत नाही" म्हणून बाटली. खरं तर तिसऱ्या महिन्यात ५.४ किलो वजन असलेल्या मुलीला दूध पुरतच होतं. बाटली आल्यावर ओढणं कमी झालं. पाडव्याला, म्हणजे ६ एप्रिल २०१९च्या आसपास, नवरा तोडीहून परत आला आणि त्याने बायको-मुलीला माहेराहून घरी आणलं. दिवस त्याच महिन्यात राहिले.

पाळी आली नाही म्हणजे धोका नाही, हा दुसरा समज इथे नडला. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. बाळंतपणानंतरचं पहिलंच बीज फळलं तर मधे पाळी येतच नाही, आणि बाईला कळायला काही मार्ग राहत नाही. अजिबात न पाजणाऱ्या बाईत तर चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकतं. पाठोपाठच्या भावंडांमधल्या कितीतरी आया अशाच, पोटात हलल्यावर दवाखान्यात येतात. त्यांना "इतकं कसं कळलं नाही" असं विचारणाऱ्यांत आमचेही लोक असतात. नाही कळत.

दोन गावांच्या मधे

मग हे सगळं त्या बाईला वेळेत कुणी का सांगितलं नाही? मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवणारा भाग हा वाटतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बाईची नोंद सासरच्या गावात, तिथली आशाताई नऊ महिने तिच्या मागे. सातव्यात ओटी भरून ती माहेरी गेली की सासरच्या वहीत "माहेरी गेली" एवढी एक ओळ पडते. माहेरची आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या घरभेटी देते, बाळाचं वजन, नाळ, पाजणं बघते. तिच्या दृष्टीने ही पाहुणी. गर्भनिरोधनाचं "तिकडं गेल्यावर बघतील". तिकडे गेल्यावर बाळ तीन महिन्यांचं झालेलं असतं आणि सासरच्या आशाताईला वाटतं, ते तिकडे झालंच असेल. पहिल्या मुलानंतर तीन वर्षांचं अंतर राखलं तर आशाताईला ५०० रुपये मिळतात, तेवढ्यासाठी तरी कुणीतरी पाठपुरावा करावा असं सरकारने ठरवलंय. पण ही बाई कुणाच्या हिशेबात धरायची, तेच ठरलेलं नव्हतं.

सोयी नव्हत्या असं नाही. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, बाई दवाखान्यातच असते. दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं. छाया गोळीत संप्रेरकं नाहीत, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. तिन्ही फुकट. नवरा पाच-सहा महिने तोडीवर असतो, तो परत यायच्या आधी एक इंजेक्शन झालं असतं तरी काम झालं असतं. पण नवरा गावात नसलेल्या बाईने इंजेक्शन मागायचं म्हणजे चर्चेला निमंत्रण. हेही आईनेच सांगितलं, आजी चहा करायला उठली तेव्हा.

मुलगी झाली म्हणून दुसऱ्याची घाई केली का, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आलाच असेल. माझ्याही आला. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली भारतातल्या आकडेवारीवरून दाखवलंय की मुलींना मुलांपेक्षा कमी काळ अंगावर पाजलं जातं, आणि मुलगा हवा म्हणून लवकर पुढचं बाळंतपण हे त्याचं मोठं कारण. या घरात घाई कुणी केली नव्हती, दिवस चुकूनच राहिले. पण राहिल्यावर "मुलगा असंल" या आशेने दूध किती झटक्यात तुटलं, याचा विचार करण्यासारखा आहे. आधीचा मुलगा असता तर कडुलिंब त्याच संध्याकाळी वाटला गेला असता का, सांगता येत नाही.

हंगाम

दिवाळीनंतर टोळी निघायची. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, आणि उचल कोयत्याची असते, म्हणजे नवरा-बायको मिळून. एकट्याने गेलं तर अर्धा कोयता, फेड दुप्पट लांबते. आईला सातवा महिना चालू होता, हिमोग्लोबिन ७.८. ती गेली. दहा महिन्यांची थोरली आजीजवळ राहिली, कारण पोट घेऊन फडात मोळ्या बांधायच्या आणि वर कडेवर लेकरू, हे शक्यच नव्हतं. घरच्यांच्या नजरेने हा निर्णय लेकराच्या भल्याचाच होता. तोडीवरच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, थंडीत ठेवण्यापेक्षा घर बरं.

तिकडे २१ डिसेंबरला, महिनाभर आधीच, कळा आल्या. मुलगा २.१ किलोचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला किमान २४ महिने जावेत. सहा महिन्यांच्या आत राहिले तर बाळ लवकर येण्याचा, कमी वजनाचा आणि आईचं रक्त आटण्याचा धोका वाढतो. इथे तिन्ही झालं. एका गर्भारपणाला साधारण हजार मिलिग्रॅम लोह लागतं. पहिल्यात गेलेलं भरायला तिला चार महिनेही मिळाले नव्हते.

पण पुढची गोष्ट बघा. या अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या मुलाला आईने कोपीत पोटाशी बांधून ठेवलं. कुणी शिकवलं म्हणून नाही, थंडीच तशी होती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत कमी वजनाच्या बाळांना असंच कातडीला कातडी लावून ठेवायला शिकवतात. तो दिवसरात्र अंगावर प्यायला. बाटली तिथे मिळतच नव्हती. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि टोळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात अडकल्या. शासनाने १७ एप्रिल २०२०ला ऊसतोड कामगारांना गावी सोडायचं ठरवलं तेव्हा कुठे हे लोक निघाले. एप्रिलअखेर घरी पोचले तेव्हा मुलगा चार महिन्यांचा, गुटगुटीत.

आणि थोरली सव्वा वर्षाची. सहा महिन्यांनी आईला पाहून ती आजीच्या पदरामागे गेली. टाळेबंदीत अंगणवाडीची वजनंही बंद होती, म्हणून तक्ता कोराच राहिला. जुलैमध्ये वजन झालं तेव्हा दंडघेर (कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात तो) मोजल्याची नोंद नाही, नुसतं ७.४ किलो. मुलगा पुढे अडीच वर्षांपर्यंत प्यायला, कारण आता मागून कुणी येणार नव्हतं. जानेवारी २०२१ला आईचं ऑपरेशन झालं.

जन्माच्या वेळी दोघांत जास्त धोक्यात होता तो धाकटा. दवाखान्याची, घराची, आमची सगळ्यांची काळजी त्याच्याभोवती होती आणि त्याने ती सार्थ केली. किंमत चुकवली ती २.७ किलोच्या, पूर्ण दिवसांच्या, तोवर उत्तम वाढणाऱ्या थोरलीने. पाठोपाठच्या बाळंतपणात आपण पोटातल्या बाळाकडे बघतो. बघायचं असतं ते कडेवरच्याकडे. गरोदर बाईचं नाव नोंदवताना "आधीचं मूल किती महिन्यांचं?" एवढं विचारून, ते दोन वर्षांच्या आतलं असेल तर त्याचंही वजन त्याच दिवशी करायचं, हे मी आता आमच्या भागातल्या आशाताईंना प्रत्येक बैठकीत सांगते. त्यांना कंटाळा आलाय, पण करतात.

कोण आधी शाळेत

बैठक अंगणवाडीतच झाली. आई, वडील, आजी-आजोबा, सेविका आणि शाळेचे सर. आजोबांना दोन्ही मुलांचं साल एक असण्यात काही विशेष वाटत नव्हतं. ते स्वतः १ जूनचे, आणि त्यांचा पाठचा भाऊही १ जूनचा, कागदावर बरोब्बर एक वर्षाने धाकटा. त्या पिढीत गुरुजींनी शाळा उघडल्या दिवशी घातलेल्या तारखा. अशी १ जूनची भावंडं मराठवाड्यात गावोगाव सापडतील.

सरांचा आग्रह होता की दोघांनाही यंदाच घाला. नियमात बसतं, एकमेकांना सोबत होते. पहिलीचा पट किती कमी होता हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्यांचा आग्रहही समजत होता. वडिलांचं म्हणणं वेगळं: मुलगा तयार दिसतो, त्याला घाला, मुलीला वर्षभराने. दिवाळीनंतर ते दोघं तोडीला जाणार, मागे आजीवर सगळा भार. शाळेतल्या मुलांना हंगामी वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. मुलगा जास्त खातो, म्हणून तो शाळेत असलेला बरा. या हिशेबात क्रूरपणा नव्हता, पण हिशेब पुन्हा तोच होता.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. थोरली यंदाच गेली पाहिजे. शिक्षणाचा हक्क वयाच्या सहा वर्षांपासून आहे आणि तिला सहा वर्षं जानेवारीतच पूर्ण झाली. उंची हा प्रवेशाचा निकष नाही. आणि धाकट्याने वर्षभर थांबावं. ३१ डिसेंबरच्या नियमात तो दहा दिवसांनी बसतो, म्हणजे वर्गात जवळपास सगळ्यात लहान तोच. वर्गातली सगळ्यात लहान मुलं पहिली काही वर्षं मागे दिसतात आणि शिक्षक ते वयाचं न समजता हुशारीचं समजतात, हे बऱ्याच देशांत दिसून आलंय. नियम प्रवेशाला परवानगी देतो, सक्ती करत नाही. शिवाय दोघं एका बाकावर बसली असती तर थोरलीची उत्तरं पुढेही धाकट्यानेच दिली असती. तिला तो नसलेली एक खोली हवी होती.

आजी म्हणाली, "आन् पोरानं काय पाप केलं?" काहीच नाही. त्याला थांबवणं ही शिक्षा नव्हे, हे तिला पटवायला बराच वेळ गेला, आणि पूर्ण पटलं असं मला वाटत नाही. शेवटी आईच बोलली, तोवर ती गप्पच होती. "तिला मी टाकून गेले होते, ते तिला ठावं नाही. मला ठावं आहे. तिचं नाव घाला सर."

वडिलांनी वाद घातला नाही.

औषधपाणी साधंच होतं. जंताची गोळी, दोन महिने लोहाचं औषध, नंतर शाळेत मिळणारी आठवड्याची गुलाबी गोळी. आहाराबद्दल चौकशी करताना सेविकेकडून एक गोष्ट कळली, जी कुठल्या तपासणीत आली नसती. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवतात. घरच्यांना त्याचं कौतुक, अगदी जुळ्यासारखी म्हणून. धाकटा भराभर खातो. थोरली बोलत बोलत खाते, आणि ताट रिकामं झालं की "पोट भरलं" म्हणते. म्हणून पहिलं पथ्य, वेगळं ताट. तिच्या ताटात भाकरीबरोबर रोज घट्ट वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे नाहीतर लाडू, आणि जे काही वाढाल ते आधी तिला. आजीला हे सगळ्यात सोपं गेलं. ताटंच तर मांडायची होती. दुसरं म्हणजे धाकट्याने तिला आक्का म्हणायचं. त्यावर तो पोट धरून हसला. अजूनही विसरतो.

उंची भरून निघेल असं आईला मी सांगितलं नाही. पहिल्या दोन वर्षांत गेलेल्या उंचीचा काही भाग पुढे भरून येतो, सगळा येत नाही. रक्त मात्र भरतं, वजन भरतं, आणि शिकण्यात ती मागे नव्हतीच. आई-वडिलांची चण बघता ती उंच होणारच होती असंही नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजलं. थोरली १०७.३, धाकटा ११०.५. अंतर जवळजवळ तितकंच. तिचं हिमोग्लोबिन १०.८, वजन १६ किलोला टेकलेलं. सर म्हणाले, पहिले पंधरा दिवस ती खिडकीशी बसायची, कारण धाकटा अंगणवाडीतून निसटून खिडकीत यायचा. मग त्यालाच कंटाळा आला. आता ती वर्गात बोलते, जरा जास्तच, असं सरांचं म्हणणं. बाकावरून उठून दुसऱ्यांची उत्तरं सांगते.

दिवाळीनंतर आई-वडील तोडीला गेले. थोरलीचं जेवण वसतिगृहात, धाकट्याची अंगणवाडी आणि रात्री आजीची चूल. वडिलांना जी भीती होती ती अगदीच खोटी नव्हती. आजीवर एकाच्या जेवणाचा भार पडलाच, आणि तो माझ्या सल्ल्यामुळे पडला. सेविका दुपारी घरी जाताना धाकट्याला घराच्या ओट्यापर्यंत सोडते.

त्याचं नाव जून २०२६ला पहिलीत घालायचं ठरलंय. त्याआधी सांगलीच्या दाखल्यावर त्याचं नाव चढवून घ्यायचं आहे. जन्मानंतर पंधरा वर्षांपर्यंत ते चढवता येतं, पण अर्ज जिथे नोंद झाली तिथेच द्यावा लागतो. वडील यंदा त्याच पट्ट्यात तोडीला आहेत, म्हणून अर्ज आणि कागदांच्या झेरॉक्स त्यांच्याजवळ देऊन ठेवल्या आहेत. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी जाऊन येतो म्हणालेत.